सीताफळाचे डोळे

एका डोंगराच्या पायथ्याशी आमराई होती आणि तिथे माकडांचा एक कळप राहत असे. कळपाचा म्होरक्या आंब्यातला मोठा जाणकार. पहिला पिकला आंबा आपोआप खाली पडला, म्हणजेच झाडाला पाड लागला, की तो आरोळी देई आणि मगच सगळे फांद्यांवर चढत. त्यामुळे एकही कच्चा आंबा वाया जात नसे. याचा त्याला अभिमान होता आणि मुलांनो, तो असायलाच हवा होता.

पावसाळा सरला. आमराईत नुसती पाने उरली, तेव्हा कळप डोंगरावर सीताफळांच्या बनात आला. म्होरक्याने तिथेही तोच हुकूम सोडला, "पाड लागेपर्यंत कुणी फळाला हात लावायचा नाही." सगळे माना वर करून झाडाखाली बसले. पण सीताफळे काही पडेनात. ती फांदीवरच पिकून फुटली आणि मुंग्यांनी, बुलबुलांनी फस्त केली. माकडांच्या पोटात कावळे ओरडू लागले. एका माकडिणीचे तर दूध आटत चालले आणि तिचे पिल्लू दिवसभर किरकिरू लागले.

शेजारच्या दगडांत एक खार राहत होती. तीही काही कमी तोऱ्याची नव्हती. माकडांसमोर बसून, शेपटी फुलवून ती रोज पिकली सीताफळे खाई.

माकडीण म्हणाली, "दादा, त्या खारीला विचारा ना."

"मी? आणि त्या मूठभर खारीला विचारू?" म्होरक्या फणकारला.

संध्याकाळी पिल्लाची किरकिर थांबली, कारण त्याच्यात रडायचेही त्राण उरले नव्हते. म्होरक्या उठला. सगळ्या कळपादेखत तो खारीपुढे जाऊन बसला आणि म्हणाला, "खारूताई, आंब्याचं मला सगळं कळतं. सीताफळाचं काही कळत नाही. सांगशील?"

खारीने शेपटी खाली घेतली. "सीताफळ पडायची वाट बघायची नसते. त्याच्या खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या झाल्या, की फळाचे डोळे उघडले म्हणायचं. मग तोडायचं आणि गवतात पिकू द्यायचं. तोवर माझी ही पिकलेली न्या, आधी पिल्लाच्या आईला द्या."

"उन्हाळ्यात खाली ये," म्होरक्या म्हणाला, "पाडाचा पहिला आंबा तुझा."

पिल्लू त्या रात्री पोटभर दूध पिऊन झोपले. त्या डोंगरावरची माकडे अजून छाती काढून सांगतात, "सगळ्यांदेखत खारीला विचारायला गेला ना, तो आमचा म्होरक्या."

तात्पर्य : ऋतू पालटला की जाणत्यानेही विचारावे, विचारल्याने मान जात नाही, घरचे पोर उपाशी राहिले तर मात्र जातो.