एका ताटाचा स्वयंपाक

एकदा एक आचारी आपल्या गुरूसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, आता एखादं कार्य मला एकट्यानं उचलू द्या."

त्याचे नाव भानुदास. वय अडतीस, लग्न झालेले नव्हते. गेली पंधरा वर्षे तो आबांच्या हाताखाली राबत होता. आबा म्हणजे त्या पंचक्रोशीतले सर्वांत वृद्ध आणि सर्वांत मानाचे आचारी. हजार पानांच्या आमटीला मीठ किती लागेल, हे भानुदास आता नुसत्या पातेल्याकडे पाहून सांगू शकत होता. पण गुरूने 'हो' म्हटल्याखेरीज शिष्याने स्वतःच्या नावावर कार्य घ्यायचे नाही, असा आचाऱ्यांचा दंडक होता आणि आबांनी अजून 'हो' म्हटले नव्हते.

या वेळी निमित्तही तसेच होते. गुळाचे व्यापारी मल्लाप्पाशेठ यांच्या मुलीचे, गिरिजाचे लग्न दीड महिन्यावर आले होते. दोन हजार पान होते. शेठनी भानुदासला बोलावून सांगितले होते, "आबांना आता एवढं झेपायचं नाही. त्यांची परवानगी आण, कार्य तुझं. नाहीतर मला शहरातून आचारी आणावे लागतील."

आबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "माझ्या मळ्यात एक खोली आहे, तिथं चूल आहे. महिनाभर तिथं राहा. स्वतःसाठी रांध आणि स्वतः जेव. कुणाला जेवायला बोलवायचं नाही, कुणाला डबा द्यायचा नाही. महिना झाला की मी परीक्षा घ्यायला येईन."

भानुदासला वाटले, आपण काहीतरी चुकीचे ऐकले. "आबा, दोन हजार पानांचं कार्य आहे. एका माणसाच्या स्वयंपाकात कसली परीक्षा?"

"तेच बघायचं आहे," आबा म्हणाले आणि उठून आत गेले.

भानुदास मळ्यात राहायला गेला तो मनात राग घेऊनच. पहिल्या दिवशी त्याने सवयीने पातेले ठेवले, डाळ टाकली, चिंच कोळली, आणि आमटी उकळू लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की ही आठ माणसांना पुरेल. हाताला लहान माप ठाऊकच नव्हते. भाताचेही तेच झाले. दुसऱ्या दिवशी त्याने तीच आमटी खाल्ली. तिसऱ्या दिवशी ती आंबली, आणि ती मळ्याच्या बांधावर ओतताना त्याला आपलीच लाज वाटली. त्यानंतर त्याने रांधणेच सोडून दिले. भूक लागली की मूठभर पोहे भिजवायचे, वर तिखटमीठ घालायचे आणि पातेल्यातूनच खायचे, तेही उभ्या उभ्या. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार, ताट कोण घेणार आणि मग ते घासणार कोण! आणि खरे सांगायचे तर जेवणाची ही रीत त्याला नवी नव्हती. पंधरा वर्षे प्रत्येक कार्यात तो असाच जेवला होता: सगळ्यांत शेवटी, उभ्याने, तळाला उरलेले.

नवव्या दिवशी भर दुपारी आबा अचानक दारात उभे राहिले. भानुदासच्या हातात पोह्यांचे पातेले होते. ते त्याने झटकन मागे ठेवले. "आबा, बसा, बसा! आत्ता करतो काहीतरी." आणि मग त्याच्या अंगात एकदम बळ आले. त्याने चूल पेटवली, बांधावरची मेथी खुडून आणली, लसूण ठेचला, भाकऱ्या थापल्या, ताकाला जिरे लावले. पाऊण तासात केळीच्या पानावर असे जेवण मांडले की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे.

आबांनी पानाकडे पाहिले आणि ते उठले. "मी जातो."

"आबा! काही चुकलं का?"

"चुकलं काहीच नाही. सुंदर वाढलं आहेस. पण हे मी आलो म्हणून. मी येण्याआधी इथं जेवणारा जो होता, त्याला तू काय वाढलं होतंस? ते पातेलं मी पाहिलं."

एवढे बोलून ते निघून गेले. अन्नाला हात लावला नाही, पाणीसुद्धा घेतले नाही. गुरूने न जेवता जावे, याहून मोठा अपमान आचाऱ्याचा होऊ शकत नाही. भानुदासला रडू येईल असे वाटले, पण आले नाही. भूक मात्र खरीच लागली होती. अखेर तो त्या पानावर मांडी घालून बसला आणि त्याने पहिला घास घेतला.

मेथी उत्तम झाली होती. ताकही चांगले होते. इतक्या वर्षांत आपल्या हातचे गरम अन्न आपण बसून कधी खाल्ले, हे त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. भानुदास भाजीवाल्या सुभद्राबाईसमोर उभा राहिला आणि त्याने दोन वांगी उचलली. ती मोठ्याने हसली. "अहो आचारी, तुम्ही पोत्यानं माल नेणारी माणसं. दोन वांग्यांत काय करणार?"

आसपासच्या बायका वळून पाहू लागल्या. भानुदास ओशाळला. "नमुना नेतोय," असे काहीतरी पुटपुटत तो तेथून निघाला. पण वाटेवर तो स्वतःवरच चिडला. आपण खोटे का बोललो? स्वतःसाठी दोन वांगी घेणे ही लपवण्याची गोष्ट आहे का?

त्या दिवसापासून तो लहान स्वयंपाक शिकू लागला. आणि ही विद्या मोठ्या स्वयंपाकाहून सोपी नाही, हे त्याला लवकरच कळून चुकले. मोठ्या पातेल्यात चिमूटभर मीठ इकडेतिकडे झाले तर खपून जाते. वाटीभर आमटीत ते लपत नाही. त्याने मापे बसवली. खिचडीला दोन मुठी तांदूळ आणि एक मूठ मुगाची डाळ. एका वेळी दोनच भाकऱ्यांचे पीठ मळायचे, म्हणजे दुसरी थापेपर्यंत पहिली निखाऱ्यावर टम्म फुगते. फोडणीला कढई नको, लोखंडी पळीतच तेल तापवायचे आणि चरचरत वरणावर ओतायचे. अर्धा कांदा वापरला की उरलेला ताटलीवर पालथा ठेवायचा, तो संध्याकाळच्या पिठल्याला होतो. सकाळचा भात उरला तर त्याला फोडणी द्यायची. पण मुद्दाम उरवायचा नाही. आणि ताट नेहमी घ्यायचे. पाट मांडून, तांब्यात पाणी भरून, मीठ-लिंबूसुद्धा आपल्या जागी वाढून मगच बसायचे.

या दिवसांतच एक नवल घडले. आमटीत गुळाचा खडा टाकताना त्याचा हात थांबला. मला हा गूळ आवडतो का? प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर त्याला येईना. यजमानांना काय आवडते, वऱ्हाड्यांना काय लागते, म्हाताऱ्यांना किती तिखट सोसते, हे सगळे त्याला पाठ होते. स्वतःची आवड मात्र त्याने कधी विचारलीच नव्हती. त्याने खडा परत डब्यात ठेवला आणि चिंच थोडी वाढवली. आमटी आंबट, तिखट, झणझणीत झाली. पहिल्या भुरक्यालाच तो एकटा असून मोठ्याने म्हणाला, "वा!" वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्याला कळले की आपल्याला आमटी आंबट आवडते.

पुढच्या बाजारी तो पुन्हा सुभद्राबाईकडे गेला. "दोन वांगी द्या. कोवळी बघून द्या, काटेरी देठाची."

"पुन्हा नमुना?"

"नमुना नाही. माझ्या एकट्याच्या जेवणासाठी. आज भरीत करणार आहे."

त्याच्या आवाजात असे काही होते की ती या वेळी हसली नाही. तिने टोपलीत हात घालून खालची दोन चांगली वांगी काढली आणि वर मूठभर कोथिंबीर ठेवली.

महिना संपला. आबा परीक्षेला निघाले, तेव्हा मल्लाप्पाशेठही त्यांच्यासोबत आले. लग्न जवळ आले होते आणि त्यांना निकाल तिथल्या तिथे हवा होता. दोघे मळ्यात पोहोचले तेव्हा भानुदास नुकताच पानावर बसला होता. ताटात भरीत, दोन भाकऱ्या, वाटीत आमटी, कडेला कांदा. त्यांना पाहून त्याने उठण्यासाठी हात टेकला.

"उठू नकोस," आबा म्हणाले. "जेव."

"तुमच्यासाठी टाकतो ना आबा. पीठ आहे, पाच मिनिटं लागतील."

"आधी तुझं होऊ दे."

भानुदास क्षणभर घुटमळला. गुरू आणि यजमान समोर बसलेले असताना आपण जेवायचे, हे त्याला जड गेले. पण ताटातली भाकरी गरम होती. त्याने मान ताठ केली, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो जेवू लागला. त्याने घाई केली नाही. आमटीचा भुरका घेतला, भरीत चवीने खाल्ले, दुसरी भाकरीही संपवली. ताट स्वच्छ झाले. आबा एकटक पाहत होते.

भानुदास हात धुऊन आला, तेव्हा आबा म्हणाले, "शेठ, कार्य याला द्या. माझी परवानगी आहे."

मल्लाप्पाशेठ गोंधळले. "पण आबा, तुम्ही चव तर घेतलीच नाही! नुसतं जेवताना पाहिलंत."

"चव मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे," आबा म्हणाले. "शेठ, पंगतीत दोन हजार माणसं जेवतात असं आपण म्हणतो. तसं कधी होत नाही. जेवतो तो एकच माणूस, त्याच्या शेजारी दुसरा एक, त्याच्या शेजारी आणखी एक. प्रत्येकाचं तोंड वेगळं, भूक वेगळी. आचाऱ्याला त्या एकाची किंमत कळायला हवी. आणि ती कळायची तर सुरुवात अशा माणसापासून करावी, ज्याच्या जेवणाचं कौतुक करायला कुणी नाही, ज्याला वाईट वाढलं तर तक्रारही होणार नाही. असा माणूस म्हणजे आपण स्वतः. याच्या हातात कसब होतं, पण हा स्वतःला पातेल्याच्या तळाची खरवड वाढत होता. ज्याला स्वतःचं ताट उरल्यासुरल्याचं वाटतं, तो थकला की दुसऱ्याचंही ताट तसंच वाढतो. आज हा माझ्यासमोर ताठ बसून जेवला. मला एवढंच पाहायचं होतं."

भानुदासचे डोळे भरून आले. तो वाकून आबांच्या पाया पडला. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता टाक माझी भाकरी. आणि आमटी अशीच कर, गूळ घालू नकोस. वासावरून कळलं मला."

तिघे हसले. मल्लाप्पाशेठही जेवले, पण जेवताना ते चुलीवरच्या लहानशा पातेल्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. निघताना आबा पुढे झाल्यावर ते दारात थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "भानुदास, एक विचारू? गिरिजाची आई जाऊन चार वर्षं झाली. पोरगी सासरी गेली की त्या एवढ्या मोठ्या घरात मी एकटाच. मी ठरवून टाकलं होतं, चहा-चिवड्यावर दिवस काढायचे. एका माणसाच्या खिचडीला तांदूळ किती घ्यायचे रे?"

भानुदासने त्यांचा हात हातात घेतला, त्यांचीच मूठ मिटून दाखवली आणि म्हणाला, "तुमच्या अशा दोन मुठी, शेठ. माझ्या नव्हे, तुमच्या."

लग्न थाटात पार पडले. शेवटच्या पंगतीलाही आमटी पहिल्या पंगतीसारखीच होती, असे लोक पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले. भानुदासचे नाव चार तालुक्यांत गेले.

आणि लग्नानंतर पंधरा दिवसांनी गुळाच्या पेठेत एक व्यापारी मल्लाप्पाशेठना म्हणाला, "शेठ, दुपारचं आमच्याकडेच जेवा ना, घरी एकटे काय करणार?"

तेव्हा शेठनी दुकानाची फळी लावली, खांद्यावर उपरणे टाकले आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "आज नको. घरी डाळ भिजत घालून आलोय. माझ्या एकट्यापुरती."