तापाला बरणीचं माप कसं कळलं?

कोण्या एके काळी, डोंगर आजच्याहून थोडे उंच होते तेव्हा, एका राणीच्या राज्यात औषधाला पैसा पडत नसे. तापावर उतारा एकच, एका कडू मुळीचं चूर्ण. ती मुळी वर्षातून एकदा, एकाच टेकडीवर उगवे. मिळेल तेवढी खणायची, कुटायची आणि बरण्या भरून गावोगावच्या वैद्यांना पाठवायची, हे काम राणीच्या कोठावळ्याचं.

कोठाराचा रिवाज साधा होता. चैत्रात बरण्या परत येत. ज्या बरणीत औषध उरलेलं दिसेल, त्या गावाला तेवढं लागत नाही असं समजायचं आणि पुढच्या वर्षी लहान बरणी द्यायची. गंमत अशी, की लहान बरणी द्यायची वेळ कधी आलीच नाही. सगळ्या बरण्या दर वर्षी रिकाम्याच येत.

कोठावळा स्वभावाने चौकस. रांगेने मांडलेल्या बरण्या बघता बघता त्याच्या डोक्यात एक किडा वळवळला. नदीकाठच्या गावाची बरणी रिकामी आणि डोंगरावरच्या गावाचीही?

"प्रधानजी," त्याने विचारलं, "बरणी केवढी आहे ते तापाला कसं कळतं?"

प्रधानजी हसले. "बरणी रिकामी म्हणजे औषध सत्कारणी लागलं. तुम्ही भरा आणि गप्प बसा."

गप्प बसणं कोठावळ्याला जन्मात जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी बरण्या परत यायच्या थोडं आधी त्याने वहाणा चढवल्या आणि तो नदीकाठच्या गावाला निघाला.

तिथे वैद्याच्या ओसरीवर एक बाई तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे ओठ सुकले होते. बरणी कोपऱ्यात पालथी पडली होती.

"हिला औषध द्या ना," कोठावळा म्हणाला.

"दिवाळीलाच संपलं," वैद्य म्हणाला. "इथे जिकडेतिकडे डबकी आणि डास. दर वर्षी हेच होतं."

"मग कळवत का नाही?"

"कळवतो की. दर वर्षी रिकामी बरणी पाठवतो."

कोठावळा ओशाळला. ती बरणी त्याने दर वर्षी हातात घेतली होती आणि रिकामी बघून खूशही झाला होता.

"दादा, कुठे मिळेल का हो?" पोरीच्या आईने विचारलं.

"बघतो," म्हणत तो तसाच उठला आणि जवळच्या डोंगरावरच्या गावाची वाट चढू लागला.

तिथला वैद्य दुसरीकडे बघत म्हणाला, "आमचंही संपलं हो." पण वैद्यीणबाईंना राहवलं नाही. "एवढं चढून आलात, चार घास तरी खा," म्हणत त्यांनी शेवग्याच्या शेंगांची आमटी वाढली. पहिल्याच घासाला कोठावळ्याचं तोंड वाकडं झालं.

"आमच्या शेंगा कडूच," वैद्यीणबाई म्हणाल्या. "पूर्वी चांगल्या गोड लागायच्या. मग काय झालं कोण जाणे."

वैद्याने ताटात मान घातली.

ही चव कोठावळ्याच्या ओळखीची होती. ती मुळी कुटण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो हात धुऊन थेट परसात गेला आणि त्याने शेवग्याच्या बुंध्याशी माती उकरली. खाली चूर्णाचे थरच्या थर निघाले.

मागून वैद्य आला. "रागावू नका, कोठावळे. इथली हवा चांगली, ताप क्वचितच येतो. पण उरलेलं परत पाठवलं तर तुम्ही लहान बरणी देणार. आणि नेमकी त्याच वर्षी साथ आली तर? सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघेल."

कोठावळ्याचा राग तिथेच विरला. भीती वैद्याची होती, पण ती त्याला कोठारानेच शिकवली होती.

"या वर्षीचं टाकलंत?"

"अजून नाही," म्हणत वैद्य आत गेला आणि अर्ध्याहून जास्त भरलेली बरणी घेऊन आला. ती छातीशी धरून कोठावळा डोंगर उतरला.

पोरीचा ताप उतरला. तिने पेज मागितली तेव्हा तिच्या आईला रडू कोसळलं. पण त्याच ओसरीवरून आधीच्या वर्षांत जे हात हलवत परत गेले होते, त्यांतले कितीतरी आता नव्हते. वैद्याने त्यांची नावं सांगितली आणि कोठावळ्याने ती खाली मानेने ऐकली. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

सगळं ऐकून राणीने रिवाज मोडला. आता बरणी परत आली की आधी विचारायचं, औषध कधी संपलं आणि संपल्यावर कोण कोण परत गेलं. ज्याचं उरेल त्याने ते निर्धास्त परत पाठवायचं. त्याची बरणी लहान होणार नाही.

पुढच्या चैत्रात कुठली बरणी अर्धी आली, कुठली पाऊण, कुठली रिकामी. प्रधानजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय हा गोंधळ, कोठावळे?"

कोठावळा एकेका बरणीत डोकावत होता. "गोंधळ नाही, प्रधानजी. ताप कुठे राहतो ते आज पहिल्यांदा कळतंय." आणि उरलेलं सगळं चूर्ण त्याने नदीकाठाकडे रवाना केलं.

डोंगरावरचा शेवगा म्हणे पुढे हळूहळू गोड झाला.

तात्पर्य: गरज किती ते रिकाम्या भांड्यावरून ठरवू नये, माणसाला विचारावं, आणि खरं सांगणाऱ्याच्या वाट्याचं कधी कापू नये.