चौथा सरडा

"मग घ्यावा तरी कोणाकडून, बाबा? तेवढं सांगा, मी निघतो."

गुणवंतराव बोंडे पायरीवर टेकलेसुद्धा नव्हते. काखेत सुतळीनं बांधलेला पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्याला वरून चार भोकं पाडलेली.

मठाच्या ओट्यावर सोनखासकर बाबा आपल्या वस्त्राला ठिगळ लावत बसले होते. सुईत दोरा जात नव्हता. पलीकडे दोन बाया सुपात डाळ निवडत होत्या.

"काय घ्यायचंय?"

"सरडा. रंग बदलणारा. मागच्या दोन खेपांना हेच विचारलं."

"आधीचे कुठं गेले?"

"मेले. तिन्ही मेले. हा चौथा काल घेतला, हाही टिकेलसं वाटत नाही."

बाबांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं.

गुणवंतरावांच्या कपाळाची शीर तटतटली. चाळीस वर्षं त्यांनी बैलांच्या बाजारात काढली होती. नुसती चाल पाहून ते बैलाची खोड सांगत. पंचक्रोशीतलं कोणी बैल घ्यायला निघालं, की आधी त्यांच्या दारी येई. असा माणूस वीतभर जनावरात तीनदा फसला होता.

पण गोष्ट नुसत्या अब्रूची असती तर ते मठाची पायरी चढले नसते.

घरात त्यांच्या पत्नी वेणूबाई होत्या. उजवं अंग गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. वाचाही गेली होती. माजघरात खाटेवर पडून असत आणि छताकडे बघत. दिवाळीच्या सुमारास गुणवंतरावांनी गंमत म्हणून एक सरडा आणला, काचेच्या बरणीत घातला आणि खाटेशी ठेवला. सरड्यानं एक डोळा वर केला, दुसरा खाली. वेणूबाईंची मान वळली. ओठांचा डावा कोपरा हलला.

त्या हसल्या होत्या.

नवव्या दिवशी सरडा मेला. वेणूबाईंची नजर पुन्हा छताला लागली. दुसरा आणला, तो सहा दिवस टिकला. तिसरा चार.

"पहिला स्टँडजवळच्या पक्षीवाल्याकडून घेतला," गुणवंतराव सांगू लागले. "दुसरा आठवडी बाजारातला. तिसऱ्यानं मोबाईलवर फोटो पाठवला आणि सरडा घरपोच आणून दिला. तिघांनीही शपथा घेतल्या. एकानं तर भाकरीवर हात ठेवला. आता तुम्हीच सांगा, या लोकांत भरवशाचा कोण?"

"टोपलीवर काय होतं?"

"कोणत्या?"

"बाजारात ज्या टोपलीतून विकत होता तिच्यावर."

"पोतं टाकलेलं होतं. जंगलखात्याची माणसं हिंडतात. धरलं तर आत टाकतात."

"कांदेवाला टाकतो का पोतं?"

गुणवंतरावांनी खोका या काखेतून त्या काखेत घेतला.

"पोत्याखालून विकणाऱ्यांत तू इमान शोधतोस," बाबा म्हणाले. "मला सुईचं भोक सापडेना, आणि तू..."

डाळ निवडणारी एक बाई तोंडाला पदर लावून हसली. गुणवंतरावांनी तिच्याकडे रागानं पाहिलं.

"त्याचं इमान मी बघून घेईन. मला जनावराची पारख सांगा."

"तू सांग. तू कसा पारखतोस?"

हा प्रश्न मात्र गुणवंतरावांना आवडला. ते ऐसपैस बसले. खोका मांडीजवळ ठेवला.

"जसा बैल, तसाच. आधी जबडा उघडून आत बघतो. हा लहान, म्हणून काडी घालावी लागते. मग शेपूट ओढून बघतो, पकड कशी आहे. मग फुंकर मारतो, बोटानं डिवचतो. रंग झरझर पालटला पाहिजे. हिरव्याचा काळा झाला, की समजावं, माल जिवंत आहे."

"आणि नाही पालटला तर?"

"बाजारात एक तसा होता. कितीही डिवचा, हिरवा तो हिरवाच. टाकला परत टोपलीत. निकामी."

"तिन्ही वेळा सगळ्यांत काळा झाला तो घेतलास?"

"तिन्ही वेळा. आणि हा चौथा. हा तर कोळशासारखा झाला."

बाबांनी सुई ठिगळात खोचली. उठले. शांतपणे गुणवंतरावांसमोर आले. डाव्या हातानं त्यांची मान धरली, उजव्या हाताचा अंगठा गालात रोवला आणि जबडा उघडला.

आत डोकावून पाहिलं. एक दाढ बोटानं हलवली. मग कान धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्यांवर फुंकर मारली.

बायांचे हात सुपातच थांबले.

गुणवंतरावांचं तोंड आधी लाल झालं. मग जांभळं.

"रंग चांगला पालटतो," बाबा बायांना म्हणाले. "न्यायला हरकत नाही."

आणि हात सोडला.

"बाबा... लोकांदेखत..."

"दोनच बाया आहेत. बाजारात किती असतात?"

गुणवंतराव उठले. परत बसले. सख्ख्या बापानंही त्यांच्या तोंडाला असा हात लावला नव्हता. निघून जावं असं वाटत होतं. पण घरी खाट होती, आणि खाटेवर छताकडे लागलेले दोन डोळे होते.

"सुतळी सोड," बाबा म्हणाले.

खोक्याच्या कोपऱ्यात सरडा अंग चोरून बसला होता. काळाठिक्कर. तोंड आ वासलेलं. गुणवंतरावांनी सवयीनं बोट पुढं केलं.

"हात मागे घे."

बाबांनी खोका उचलला, मठाच्या मेंदीच्या कुंपणाशी नेला आणि आडवा ठेवला. मग परत येऊन ओट्यावर बसले. सुई हातात घेतली.

"पळेल तो," गुणवंतराव म्हणाले.

"पळू दे."

"विकत घेतलाय मी."

"ज्याचा नव्हता त्याच्याकडून."

बराच वेळ काही झालं नाही. ऊन ओट्याच्या कडेला आलं. गुणवंतरावांनी तीनदा खाकरून पाहिलं. बाबांनी दोन टाके घातले, एक उसवला. भरल्या बाजारात इतक्या वेळात पाच जोड्यांचे सौदे झाले असते, असं गुणवंतरावांच्या मनात आलं. इथे मात्र माणूस नुसता बसून होता.

मग खोक्यातून एक पाय बाहेर आला.

सरडा पाऊल उचली, मागेपुढे झुले आणि मग ठेवी. म्हातारा माणूस अनोळखी जिन्यावर पाय ठेवतो तसा. चिमट्यासारख्या बोटांनी त्यानं मेंदीची काडी धरली. वर चढला. उन्हात आला आणि थांबला. पाठीवरचा काळा रंग हळूहळू उतरत गेला. पोटाकडून हिरवा रंग वर आला.

पानावर माशी बसली. एक डोळा तिच्याकडे वळला. मग दुसरा. जीभ आली कधी, गेली कधी, कळलंसुद्धा नाही. माशी नव्हती.

गुणवंतराव बघत राहिले. बरणीतल्या तिघांपैकी एकानंही खाल्लं नव्हतं.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," मघा हसलेली बाई म्हणाली.

"त्याची तरी तिथवर आहे," बाबा म्हणाले.

आता सरडा पानांत दिसेनासा झाला होता. गुणवंतरावांनी रिकामा खोका उचलून आणला. त्यांचा आवाज खाली आला होता.

"तिला काय दाखवू मग? हा खोका?"

"तिची खाट कुठं असते?"

"माजघरात."

"किती दिवस?"

"तिला असं झालं तेव्हापासून."

"खिडकी?"

"लावलेली असते. येणारेजाणारे डोकावतात, बाबा. तोंड वाकडं झालंय तिचं. लाळ गळते. बोंड्यांच्या घरची बाई... लोकांनी बघावं असं काही राहिलं नाही."

बाबांनी मान वर केली नाही.

"परसात कुंपण आहे?"

"आहे."

"कशाचं?"

गुणवंतरावांनी समोर पाहिलं.

"मेंदीचंच."

"सरडे असतात?"

"असतील. पावसाळ्यानंतर निंदणाऱ्या बाया ओरडतात कधी कधी. मी... मी कधी बघितलं नाही."

गुणवंतरावांचं तोंड पुन्हा लाल झालं. या वेळी जबडा कोणी धरला नव्हता.

बाबांनी दोरा दातानं तोडला. वस्त्र झटकून खांद्यावर घेतलं. ओटा उतरले आणि गावाच्या वाटेला लागले.

गुणवंतराव मागून धावले. "बाबा, कुठं निघालात?"

"खाट एकट्यानं उचलवत नाही," बाबा न थांबता म्हणाले. "पायथ्याकडून मी धरतो."