गाठीखालचा फुटवा

एक होती माळीण. आज राजा नाही हं, माळीणच. तिचं नाव राही. तिला दोन मुली. थोरली सगुणा आणि धाकटी चिमी.

चिमी जन्मली तेव्हा रडलीच नाही. ओठ निळे पडले. मग राहीने काय केलं? तशीच उठून अंगणात गेली. रानगुलाबाच्या खोडाला चीर दिली, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोवळा कोंब, बसवला आणि वरून बाळोत्याची चिंधी घट्ट बांधली. म्हणाली, "तू जगलास, तर माझी लेक जगेल." आणि बरं का, तो डोळा हिरवा झाला, तशी घरात चिमी रडली.

तेव्हापासून दोघांचा जीव एक. झाडाची पानं पिवळी पडली की चिमीला ताप यायचा. कळ्या आल्या की ती अंगणभर नाचायची.

मग एका थंडीत राही आजारी पडली. सगुणाला जवळ घेऊन म्हणाली, "चिंधीच्या गाठीवर फुटेल ते आपलं. गाठीखालून फुटेल ते रानाचं. ते लगेच काप. नाहीतर ते सगळं पाणी पिऊन टाकेल." एवढं बोलली आणि गेली. सगुणाने आईची राख त्याच झाडाच्या मुळाशी घातली.

पंधरा दिवसांनी गाठीखालून एक फुटवा आला. तांबूस, लवलवता. सगुणा कात्री घेऊन गेली. वाकली, तर त्याला आईच्या केसांचा वास. शिकेकाईचा. तिने कात्री बाजूला ठेवली.

मग फुटवा कमरेएवढा झाला आणि चिमीला ताप भरला. सगुणा पुन्हा गेली. तर फुटवा बोलला, आईच्याच आवाजात!

"सगे, कापू नकोस गं. मला एकटीला इथं करमत नाही."

सगुणाने कात्री फेकून दिली. रोज त्याच्यापाशी बसून बोलायला लागली. घागरी भरभरून पाणी घालायला लागली.

एक दिवस शेजारची अनसूयाआत्या कुंपणावरून ओरडली, "सगे, गुलाब वाढवतेस का काट्यांचं रान? वरचं कलम बघ, काळं पडलंय!"

"त्यात माझी आई आहे, आत्या."

"आणि घरात कोण आहे?"

सगुणा घरात धावली. चिमी काडीसारखी पडली होती. ओठ निळे, जन्मली तेव्हा होते तसे. मग तिने चिमीला उचललं आणि तशीच झाडापाशी आली.

"कोणाचं गं हे पोर?" फुटव्याने विचारलं. "किती वाळलंय!"

"तुझंच, आई. चिमी आहे ही."

वारा नव्हता, तरी फुटव्याची पानं थरथरली. मग आवाज आला, "कात्री कुठाय?"

"फेकली."

"शोधून आण. माती उकर आणि अगदी बुडाशी काप. बोटभरही ठेवू नकोस. ठेवलंस तर मी परत फुटेन, सगे. मला राहवणार नाही."

सगुणाने कात्री शोधली. माती उकरली. डोळे मिटले नाहीत, कारण मिटले तर भलतंच कापलं जातं. कच्. हातावर पाण्यासारखं काहीतरी ओघळलं. कोमट होतं. मग आवाज नाही, काही नाही.

तेवढ्यात चिमीने मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली. "ताई, भूक लागली," म्हणाली.

महिन्याभरात कलमावर पानं आली. मग कळ्या आल्या. दोघी बहिणी सुखाने राहिल्या. सगुणा मात्र दर पावसाळ्यात गाठीखालची माती उकरून बघायची. हातात कात्री असायची. पण तिथं पुन्हा कधी काही फुटलं नाही.

नीट कापलं होतं ना तिने.

उगी, उगी. रडायचं नाही. पाय पांघरुणात घ्या बघू. चिमी नाचतेय तिकडे अंगणात, आणि तुम्ही आपले डोळे मिटा.