फळ्यावरचा आठ

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष दाजीसाहेब आठवीच्या तासाला अचानक येऊन थडकले आणि पहिल्याच बाकावरची वही उचलून कडाडले, "पाचाचा वर्ग दहा? अरे, वर्ग म्हणजे दुप्पट नव्हे! थांबा, मी एका संख्येचा वर्ग लिहितो. वर्गमूळ सांगा, नाहीतर तुमचा खेळाचा तास कायमचा बंद!"

तोंडीच भराभर गुणाकार करून त्यांनी ऐटीत फळ्यावर लिहिलं : ४०८८.

खो-खोची कर्णधार निशिगंधा आकडा बघताच ताडकन उठली. खणखणीत आवाजात म्हणाली,

"साहेब, याचं वर्गमूळ पूर्ण संख्येत येणारच नाही! कुठलाही वर्ग आठावर संपत नाही."

"मी स्वतः चौसष्टचा वर्ग केलाय!"

"मग तो ४०९६ हवा. चार चोक सोळा. तुम्ही आठच धरलेत."

दाजीसाहेबांनी खडू घेऊन पुन्हा गुणाकार मांडला. शेवटी सहा आला. कपाळाचा घाम पुसत ते पुटपुटले, "माझ्या हातून अशी चूक झालीच कशी?"

"पाचाचा वर्ग दहा होतो, तशीच साहेब! आता आम्ही मैदानावर जाऊ?"