येसूबाईच्या घराची कौलं

वेळशेतच्या खालच्या पेठेत शिरलं की नजर जाते ती येसूबाईच्या घराच्या छपराकडे. एक कौल लाल, शेजारचं काळपट, तिसरं आखूड, चौथ्याचा कोपरा उडालेला. जुनं घर विकत घेऊन दुरुस्त करायला कुणी गावात आलं, की म्हातारे भिवा गुरव त्याला आधी इथे आणून उभं करतात आणि ही हकिगत सांगतात.

येसूबाई म्हणे घाटावरची कासारीण. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन तिचं आयुष्य परक्यांच्या ओसरीवर गेलेलं. वेळशेतातल्या प्रत्येक बाईचं मनगट तिला ओळखीचं. पाय थकले तेव्हा तिनं इथलंच एक घर विकत घेतलं. गलबत हाकणाऱ्या कुण्या तांडेलाचं, कैक वर्षं ओस पडलेलं. सागवानी खांब, दारावर कोरलेलं गलबत, मातीच्या जाड भिंती, आणि वर उघडं आभाळ! तिनं खांबांना तेल चोळलं, जमीन चोपून सारवली. गलबताच्या शिडातली माती काडीनं कोरून काढताना ती एकटीच हसत होती, असं सांगतात.

राहिलं छप्पर. पण गावचे मानकरी आडवे आले. "बाहेरचं माणूस चूल मांडणार, तर गावदेवी पावणाईचा कौल हवा. त्याशिवाय छप्पर चढायचं नाही."

देवीच्या अंगावर दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तेव्हाच्या गुरवानं गाऱ्हाणं घातलं. सारा गाव डोळे लावून बसला. एकही पाकळी हलेना. ऊन डोक्यावर आलं तसे मानकरी उठले. "देवी बोलत नाही, म्हणजे थांबायचं."

सुतारानं हत्यारं खाली ठेवली. पाऊस तोंडावर आलेला; एका झोडीत त्या मातीच्या भिंती बसल्या असत्या.  येसूबाईनं देवीपुढे पदर पसरला. "आई, डोक्यावर छप्पर येऊ दे. त्याखाली आधी गावातल्या सगळ्या बायांचे हात भरीन, मगच माझी चूल पेटवीन."

थोरल्या मानकऱ्यांची बायको भागाक्का तिथेच बसली होती. ती उठून घरी गेली, शिडी लावून पडवीवर चढली, एक कौल काढलं आणि येसूबाईच्या हातात आणून ठेवलं.

"देवीचा कौल पडेल तेव्हा पडेल. माझ्या घरचं हे घे."

"अगो, आपल्याच घराला भोक पाडलंस!" थोरले मानकरी ओरडले.

"मग चढा आणि बुजवा. सुतार रिकामाच बसलाय."

आधी बाया हसल्या, मग पुरुषही. बघता बघता घराघरांतून बाया कौलं घेऊन निघाल्या. कुणी डोक्यावर, कुणी पदराच्या ओट्यात, एक तर तान्ह्या पोराच्या शेजारी कडेवर. दिवस मावळायच्या आत छप्पर चढलं. गुरव दिवा लावायला देवळात गेला, तर उजवी पाकळी देवीच्या पायाशी! "कुणी म्हणतात, वाऱ्यानं पडली," भिवा सांगतात. "पण त्या गाभाऱ्यात वारा येतो कुठून, ते मला अजून सापडलेलं नाही."

येसूबाईनं शब्द पाळला. नव्या छपराखाली बांगड्या भरून झाल्या, पेटी रिकामी झाली, आणि मग तिनं चुलीत काडी टाकली. पहिला धूर कौलांतून वर निघाला तेव्हा ती अंगणात उभी राहून तो बघत राहिली म्हणे.

आजही वेळशेतात कुणी जुनं घर घेतलं, की घरटी एक कौल येतं आणि नव्या मालकाच्या ओसरीवर गावातल्या बाया बांगड्या भरतात. गेल्या वर्षी असं घर घेतलेल्या एका पाहुण्यानं स्लॅब टाकायचं पक्कं केलं होतं. सकाळी दार उघडलं, तर कौलं घेतलेल्या बायांची रांग थेट पेठेपर्यंत. तो डोकं खाजवत आत वळला आणि बायकोला म्हणाला, "शिडी आण."