तिसऱ्या मजल्यावरची हजेरी

वसतिगृहाच्या रेक्टर दाभाडेबाईंचा दरारा असा, की त्यांचा किल्ल्यांचा जुडगा नुसता वाजला तरी मुली चिडीचूप होत. रोज संध्याकाळी तळमजल्यावर त्या जातीने हजेरी घेत. त्यात कधी खंड नाही.

कुबड्यांवर चालणारी केतकी पहिल्यांदाच घर सोडून आली होती. खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर. जिना बघून ती पहिल्या पायरीपाशीच थांबली. पायरीवरून कुबडी घसरली की काय होतं, ते तिच्या हनुवटीवरचा व्रण सांगत होता.

"मॅडम, खालची खोली रिकामी आहे..."

"ती पाहुण्यांची! इथे कुणाचे लाड होत नाहीत. जमत नसेल तर घरी जा," गुडघे चोळत बाई कडाडल्या.

केतकीने कुबड्या सावरल्या. "बरं मॅडम. बसत, सरकत एकदाची वर जाईन. पण वर गेल्यावर हजेरीला रोज पुन्हा खाली उतरणं व्हायचं नाही. तुमची हजेरी तर कधी चुकत नाही. मग माझी घ्यायला रोज वर याल ना?"

बाईंनी जिन्याकडे पाहिलं. हात आपसूक गुडघ्यावर गेला. मग जुडग्यातून खालच्या खोलीची किल्ली निघाली.

केतकीची भीती काही गेली नव्हती. पण जिन्याची धास्ती आता तिच्या एकटीची राहिली नव्हती.